मेंढीला तेल पाजू नका, बी चारा. तेही फक्त फळायच्या हंगामात



*पशुपालन सल्ला : मेंढी (शेळीवाल्यांनीही वाचावा)*

मेसेज मोठा आहे. संध्याकाळी जनावरं बांधून झाली की निवांत वाचा. मृग लागायला तीन आठवडे राहिलेत आणि यातली काही कामं आजच सुरू करावी लागतात, म्हणून आत्ताच पाठवते आहे.

आधी माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी एक छोटा व्हॉइस मेसेज टाकला होता. "मेंढ्या फळायच्या आधी खुराकातून थोडं फॅट गेलं, तर गाभण राहायचं प्रमाण वाढतं." बस, एवढंच. किती द्यायचं ते सांगितलं नाही, कशातून द्यायचं ते नाही, कोणत्या मेंढीला ते नाही. काटोलकडच्या आपल्या एका सभासद काकाजींनी तो मेसेज मनावर घेतला. १५ किलोचा सोयाबीन तेलाचा डबा आणला आणि २६ मेंढ्यांना बाटलीनं रोज शंभर-शंभर मिली पाजलं. सहा दिवसांत डबा संपला. तोवर निम्म्या मेंढ्यांचं रवंथ मंदावलं होतं, हगवण लागली होती. दोन मेल्या. त्यातल्या एकीच्या फुफ्फुसात तेल गेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. उरलेल्या सावरल्या, पण माजावर यायला उशीर झाला आणि कोकरं मागं पडली.

मी भेटायला गेले तेव्हा काकाजी रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुमीच तं सांगतलं होतं ना जी, ताई."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी कृषी पदविका केलेली आहे, जनावरांची डॉक्टर नाही. पण चारा-खुराकाचा हिशेब हे माझं काम आहे आणि तो हिशेब मी अर्धा सांगितला होता. आज पूर्ण सांगते.

*माझं मत थोडक्यात*

१) फॅटचा मेंढीच्या गाभण राहण्याशी संबंध आहे, हे खरं आहे.
२) पण फॅट हे पोट भरल्यावर द्यायचं औषध आहे. चाऱ्याची उणीव तेलानं भरून निघत नाही.
३) ते तेलातून नको, बियांतून द्यावं. आपल्याकडं जवस आणि सरकी दोन्ही आहेत.
४) वर्षभर नको. मेंढा सोडायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतर थोडे दिवस, एवढंच.
५) मेंढ्याला, म्हणजे नराला, सरकी आणि सरकीची ढेप आजपासून बंद.

आता प्रत्येकाचं कारण सांगते. कारण कळलं की प्रमाण लक्षात राहतं.

*पोटात फॅट गेल्यावर होतं काय?*

डेअरीत लागणारी फॅट तुम्हाला माहीत आहे. ती दुधातली. इथं आपण बोलतोय चाऱ्या-खुराकातून पोटात जाणाऱ्या फॅटबद्दल.

मेंढी दर १७ दिवसांनी माजावर येते. माजाच्या आधी तिच्या अंडाशयात बीजांडं वाढत असतात. ती किती वाढतील आणि त्यातली किती पक्व होतील, हे त्या दोन-तीन आठवड्यांत तिला मिळणाऱ्या ताकदीवर बरंच अवलंबून असतं. पोटात ऊर्जा वाढली की शरीराला निरोप जातो : "दिवस बरे येताहेत, पिल्लू पोसता येईल." मेंढपाळांना हे पूर्वीपासून माहीत आहे. म्हणूनच पाऊस पडून कोवळं गवत आलं की कळप आपोआप माजावर येतो. त्यात नशिबाचा भाग नाही, चाऱ्याचा आहे.

फॅट यात दोन कामं करते. पहिलं म्हणजे ऊर्जा. एक ग्रॅम तेलात एक ग्रॅम धान्याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. दुसरं काम जास्त बारीक आहे. फॅट खाल्ल्यानं रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं, आणि गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन अंडाशय त्याच कोलेस्टेरॉलपासून बनवतं. माणसात आपण कोलेस्टेरॉलचं नाव ऐकलं की घाबरतो. मेंढीत या वेळी ते कच्चा माल आहे.

आता फॅटचे दोन प्रकार लक्षात ठेवा. सरकी, सोयाबीन, करडई, सूर्यफूल यांच्या तेलात ओमेगा-६ जास्त. जवसात ओमेगा-३ जास्त. डॉक्टर गायीला माजावर आणायला प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन देतात, ते अनेकांनी पाहिलं असेल. ते प्रोस्टाग्लँडिन जनावराच्या शरीरात आपणहून पण तयार होतं, आणि ओमेगा-६ हा त्याचा कच्चा माल. मेंढी गाभण राहिली नसेल तर हेच प्रोस्टाग्लँडिन तिला पुन्हा माजावर आणतं. पण गर्भ असेल तर त्याला साधारण १२-१३ व्या दिवशी आईच्या शरीराला कळवावं लागतं की "मी आहे, थांब." हा निरोप कमी पडला तर प्रोस्टाग्लँडिन सुटतं, गर्भ जातो आणि मेंढी उलटते. आपण म्हणतो, "मेंढा लागला पण राहिली नाही." ओमेगा-३ हे प्रोस्टाग्लँडिन थोडं दाबून ठेवतं. म्हणून जवसाचा विचार.

"थोडं" हा शब्द मी मुद्दाम वापरला. जगभर मेंढ्यांवर याचे पुष्कळ प्रयोग झाले. काहींत फायदा दिसला, काहींत काहीच फरक पडला नाही. मध्यम किंवा जरा हडकुळ्या आणि निकृष्ट चाऱ्यावरच्या मेंढ्यांना फायदा व्हायची शक्यता जास्त, आधीच धष्टपुष्ट असलेल्यांना कमी. हे लपवून तुम्हाला जवस विकत घ्यायला लावणं मला पटत नाही.

*मग तेलच का नको?*

कारण मेंढीचं कोठीपोट. त्यात अब्जावधी जिवाणू राहतात. कुटार, कडबा, तणस पचवायचं काम तेच करतात, मेंढी नाही. मोकळं तेल एकदम पोटात गेलं की ते चाऱ्याच्या तंतूंवर चढून बसतं, आणि तेलातली काही आम्लं तर जिवाणूंना थेट मारतात. चारा पचायचा थांबतो, रवंथ कमी होतं, हगवण लागते. म्हणजे तेलातून ऊर्जा द्यायला गेलो आणि चाऱ्यातली ऊर्जा घालवून बसलो.

दुसरी गोष्ट. जिवाणू स्वतःला वाचवायला तेलावर हायड्रोजन चढवतात आणि पातळ तेलाचं कडक फॅट करतात. कारखान्यात तेलापासून वनस्पती तूप करतात, तसंच. यात बाटलीनं पाजलेल्या तेलातलं बहुतेक ओमेगा वाया जातं. बियांचं तसं नाही. बी सालात असतं, रवंथ करता करता हळूहळू फुटतं, तेल थोडं थोडं सुटतं. जिवाणूंना झेपतं आणि काही भाग तसाच पुढं आतड्यात जातो.

तिसरी गोष्ट म्हणजे बाटली. मेंढीचं तोंड वर करून तेल ओतलं की ठसका लागतो आणि तेल श्वासनलिकेत जातं. पाणी गेलं तर एखादं जनावर वाचतं, तेल गेलं तर न्यूमोनिया. काकाजींची एक मेंढी अशीच गेली.

*मर्यादेचा हिशेब*

३५ किलोची मेंढी दिवसाला साधारण १ किलो १०० ते २०० ग्रॅम कोरडा चारा-खुराक खाते. त्यात एकूण फॅट ५ टक्क्यांच्या आत ठेवावी, म्हणजे ५५ ते ६० ग्रॅम. कोरड्या चाऱ्यातच सुमारे २० ग्रॅम असते, धान्यातून पाच-सहा ग्रॅम जाते. मग वरून किती उरलं? जेमतेम तीस ग्रॅम. आणि आपण सुरक्षित राहायला वीसच ग्रॅम धरायचे.

- जवसात ३५ ते ४० टक्के तेल असतं. ५० ग्रॅम जवसातून १८ ते २० ग्रॅम.
- सरकीत १८ ते २० टक्के तेल. १०० ग्रॅम सरकीतून १८ ते २० ग्रॅम.

काकाजींनी शंभर मिली पाजलं होतं, म्हणजे ९० ग्रॅमच्या वर. आता कळलं का, काय झालं ते?

*आधी पाठीवर हात फिरवा*

जवस आणायच्या आधी हे काम करा. यात पैसा लागत नाही. मेंढीच्या शेवटच्या बरगडीमागं कमरेवर हात ठेवा. लोकर आहे म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बोटांनी चाचपा.

- मणक्याची टोकं करवतीसारखी टोचत असतील, बाजूच्या हाडाखाली बोटं सहज शिरत असतील, तर मेंढी *हडकुळी*. तिला फॅटच्या आधी पोटभर चारा, जंताची तपासणी आणि धान्य हवं.
- टोकं लागतात पण गोल वाटतात, बाजूला थोडं मांस भरलेलं आहे, तर मेंढी *मध्यम*. फॅटचा खरा उपयोग हिला.
- हाड लागतच नाही, बोट चरबीत रुततं, तर मेंढी *जाड*. हिला जवस नको, धान्यही नको, चरायला न्या. जाड मेंढी माजावर नीट येत नाही आणि गाभण राहिलीच तर शेवटच्या महिन्यात आजारी पडायचा धोका.

कळपाचे असे तीन गट करा. सगळ्यांना सारखा खुराक देणं म्हणजे जाडीला जास्त जाड करणं आणि हडकुळीला अर्धपोटी ठेवणं. दांडग्या मेंढ्या गव्हाणीवर आधी तोंड घालतात, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

*जवस की सरकी?*

मेंढीसाठी माझं मत जवसाकडं. आणि हे मी नागपुरात बसून म्हणते आहे, याला अर्थ आहे. जवस विदर्भाचं जुनं पीक. पूर्वेकडं धानाच्या बांधीत उतेऱ्यावर जवस फेकायची पद्धत अजून आहे. इथल्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालतं, एनएल-९७ हा वाण इथूनच निघाला. सोयाबीन आलं आणि जवस आपल्या शेतातून बांधावर, बांधावरून चटणीच्या बरणीत गेलं. ज्यांच्या घरी दोन पायल्या पडून असतील, त्यांनी कळपासाठी थोडं राखून ठेवावं. नसेल तर कळमन्याच्या बाजारात मिळतं.

जवस देताना तीन गोष्टी पाळा :

१) *कोमट पाण्यात भिजवून ठेवू नका.* जवसात सायनाइड सोडणारा घटक असतो आणि ओल्या जवसात तो जागा होतो. कोरडंच भरडून द्या, नाहीतर थेट उकळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटं शिजवा.
२) जाडसर भरडा. अख्खं दिलं तर बरंच लेंडीतून तसंच बाहेर पडतं. पीठही नको.
३) एका वेळी तीन-चार दिवसांपुरतंच भरडा. भरडलेलं जवस लवकर खवट होतं आणि खवट वासाचं मेंढी खात नाही.

सरकी स्वस्त पडते, घरचीच असते, हे मान्य. फळणाऱ्या मेंढीला रोज १०० ग्रॅमपर्यंत अख्खी सरकी चालते. पण त्याच्या वर नको, आणि ढेपही चालू असेल तर दोन्ही मिळून हिशेब धरा. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. मोठ्या मेंढीचं कोठीपोट ते बऱ्यापैकी बांधून टाकतं, म्हणून थोडी सरकी पचते. तीन महिन्यांच्या आतल्या कोकरांचं कोठीपोट तयार झालेलं नसतं. त्यांना सरकी आणि सरकीची ढेप अजिबात नको.

सोयाबीनबद्दलही बरेच जण विचारतात. भाजून, भरडून ८०-१०० ग्रॅम देता येतं. कच्चं नको. आणि युरिया लावलेल्या चाऱ्याबरोबर कच्चं सोयाबीन कधीच नको, कोठीपोटात अमोनिया वाढून जनावर दगावतं. डीओसीत तेल जवळपास राहिलेलंच नसतं, ती प्रथिनासाठी चांगली, फॅटसाठी नाही.

*मेंढ्याकडं कुणाचं लक्ष नसतं*

आपण पंचवीस मेंढ्यांची काळजी करतो आणि एका मेंढ्याला विसरतो. पंचवीस मेंढ्या उलटल्या तर दोष पंचवीस जणींना. खरं तर बघायचं त्या एकाकडं.

गॉसिपॉलचा मार नरावर जास्त बसतो. शुक्रजंतूच्या शेपटीला ताकद देणारा भाग त्यानं बिघडतो, जंतू पोहत नाहीत. मेंढा बाहेरून तगडा दिसतो, चढतो पण, आणि मेंढी राहत नाही. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात, वर बाहेर यायला अजून दहा-पंधरा दिवस. म्हणजे १ जुलैला जे बीज कामाला येणार, ते बनायला मे महिन्यातच सुरुवात झाली. काटोल, नरखेड, सावनेर, हिंगण्याकडं उलंगवाडीनंतर जनावरं पऱ्हाटीच्या रानात सोडतात. मेंढा तिथं बोंडं खातो, घरी आला की ढेप खातो. हे आता थांबवा. त्याला हरभरा किंवा मक्याचा भरडा, तूर चुनी आणि हिरवा पाला द्या. बाहेर ४५ अंश असेल तेव्हा त्याला सावली द्या, कारण उन्हाचा फटकाही बीजालाच बसतो.

*तारखेनुसार काम*

मी १ जुलैला मेंढा सोडायचा असं धरून लिहिते. तुमची तारीख वेगळी असेल तर तेवढं मागंपुढं करा.

*आजपासून ९ जूनपर्यंत :* मेंढ्याची सरकी-ढेप बंद. कळपाचे तीन गट. आंत्रविषाराची लस राहिली असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन टोचून घ्या, कारण पावसाचं कोवळं गवत आणि वाढता खुराक या दोन्हींत हा रोग येतो. लेंडी तपासून डॉक्टर सांगतील तेच जंताचं औषध.

*१० ते १४ जून :* मध्यम आणि हडकुळ्या गटाला खुराक सुरू. पहिल्या दिवशी ७५ ग्रॅम, मग रोज थोडा वाढवत पाचव्या दिवशी २५० ग्रॅमवर आणा. एकदम पूर्ण दिला तर पोटफुगी आणि आम्लाचा त्रास.

*१५ ते ३० जून :* रोज प्रत्येक मेंढीला २५० ग्रॅम :
- मका किंवा ज्वारीचा भरडा १४० ग्रॅम
- भरडलेलं जवस ५० ग्रॅम
- तूर चुनी ५० ग्रॅम
- मीठ ५ ग्रॅम
- मेंढीचं खनिज मिश्रण ५ ग्रॅम

जवस नसेल तर जवस आणि चुनी दोन्ही काढून त्याजागी १०० ग्रॅम सरकी. कुटार, कडबा पोटभर द्याच. *गायीचं खनिज मिश्रण मेंढीला देऊ नका*, त्यातलं तांबं मेंढीला विषासारखं लागतं.

वजन करायला रोज काटा लागत नाही. किराणा दुकानात एकदा मोजून घ्या आणि डब्याला खूण करा.

*१ जुलै :* मेंढा सोडा. त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावत जा. ज्या मेंढीच्या पाठीवर लाल डाग दिसेल ती लागली. तारीख वहीत लिहा. १७ दिवसांनी रंग बदला, निळा घ्या. ज्यांच्यावर आता निळा डाग पडला त्या उलटल्या. रंग बदलल्यावर कळपाचा निकाल तुमच्यासमोर, तपासणीचा एक पैसा न देता.

*१ जुलैनंतर :* इथं बहुतेक जण चुकतात. मेंढी लागली की आनंदानं खुराक दुप्पट करतात, किंवा काम झालं म्हणून एका दिवसात बंद करतात. दोन्ही चूक. फळल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात खूप जास्त खाणं दिलं तर यकृत प्रोजेस्टेरॉन जास्त वेगानं काढून टाकतं आणि नुकताच रुजलेला गर्भ टिकत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीपर्यंत, साधारण १८ जुलैपर्यंत तोच खुराक ठेवा, मग आठवडाभरात हळूहळू कमी करत मेंढीला चराईवर आणा. तोवर रानात हिरवं असेल. आणि एक गंमत सांगते : कोवळ्या हिरव्या गवतात फॅट कमी असते, पण जी असते त्यातली निम्म्याहून जास्त जवसासारखीच, ओमेगा-३ ची. म्हणजे पाऊस वेळेवर आला आणि गवत चांगलं असेल, तर जवसाचे पैसे वाचवा. जवस आहे ते पाऊस लांबला तर.

*खर्च किती?*

२५ मेंढ्या, ५० ग्रॅम, २१ दिवस : सव्वीस किलो जवस. मेंढा सोडल्यावरचे १८ दिवस धरले तर अजून साडेबावीस किलो. मक्याचा भरडा सगळा मिळून सुमारे १३५ किलो. तुमच्या गावच्या भावानं गुणून बघा, आणि एका कोकराच्या किमतीशी ताडून बघा. पंचवीसमधून दोन-तीन मेंढ्या जास्तीच्या राहिल्या तर खर्च निघतो की नाही, ते तुमचं तुम्हाला कळेल. निघत नसेल तर जवस सोडा, नुसता धान्याचा खुराक द्या. मला त्याचं वाईट वाटणार नाही.

*"फॅट दिली तर जुळी होतात का ताई?"*

हा प्रश्न दर वर्षी येतो. सरळ उत्तर : आपल्याकडच्या दख्खनी जातीच्या मेंढीला बहुतेक वेळा एकच कोकरू होतं, आणि ते तिच्या रक्तात आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. जुळी हवीत तर तो मार्ग आहे, आणि तिथंही दोन कोकरांना पुरेल एवढं दूध आईला हवं. फॅटनं एकाची दोन होत नाहीत. फॅटचं काम एवढंच : मेंढी वेळेवर माजावर यावी आणि लागलेली टिकावी. आपल्या बेरारी शेळीला जुळी होतातच, तिला हाच खुराक तिच्या वजनाच्या प्रमाणात चालेल. फक्त शेळीचं माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं, रंग तेव्हा बदला.

*बायपास फॅटची पुडी*

गावात कुणी येऊन बायपास फॅट घ्या म्हणेल. ती वस्तू खोटी नाही. कॅल्शियम लावलेली फॅट कोठीपोटात विरघळत नाही, पुढं चौथ्या पोटात सुटते, म्हणून जिवाणूंना त्रास होत नाही. पंधरा लिटर दूध देणाऱ्या गायीला तिचा उपयोग आहे. पण चरून पोट भरणाऱ्या आपल्या मेंढीला जे वीस ग्रॅम हवं ते घरच्या जवसातून मिळत असताना पुडीवर पैसा का घालायचा? माझं मत नको असंच आहे. शंका असेल तर घेण्याआधी पाकिटाचा फोटो आपल्या नंबरवर पाठवा.

*शेवटचं*

१ जुलैची मेंढी साधारण दीडशे दिवसांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी विईल. नागपूरची थंडी तेव्हा सुरू झालेली असते. कोकराचं बहुतेक वजन पोटातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं. त्या वेळच्या खुराकाचा मेसेज ऑक्टोबरमध्ये देईन. या वेळी पूर्ण देईन, प्रमाणासकट.

एक विनंती. ज्यांच्याकडं वीसच्या वर मेंढ्या आहेत, त्यांनी मध्यम गटातल्या अर्ध्यांना जवस घातलेला खुराक आणि अर्ध्यांना जवसाऐवजी तेवढाच मका द्या. दोन्हींना वेगळी खूण करा. लाल डाग किती, निळे किती, ते लिहून ठेवा. ऑगस्टमध्ये वही घेऊन कंपनीच्या केंद्रावर या. बाहेरचे प्रयोग मी वाचते, पण आपल्या गवतावर, आपल्या मेंढीवर काय होतं ते तुमच्या वहीतूनच कळणार. फरक पडला नाही असं दिसलं, तर पुढच्या वर्षी मी तसंच लिहीन.

काकाजींनी यंदा पाच पायल्या जवस राखून ठेवलंय. बाटली फेकून दिली म्हणाले. परवा त्यांचा फोन आला होता : "किती ग्राम, ते लिहून पाठव जी, बोलून नको."

म्हणून हे लिहिलं.

मेंढी हगत असेल, रवंथ थांबलं असेल, तर खुराक लगेच बंद करा, फक्त कोरडा चारा द्या आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलवा. माझ्या उत्तराची वाट बघू नका.

बाकी प्रश्न याच नंबरवर व्हॉइस मेसेजनं पाठवा. मेंढ्या असलेल्या शेजाऱ्याला हा मेसेज *पूर्ण* पाठवा, अर्धा कापून नको 🙏

— आपली कृषी सल्लागार, नागपूर